सुडो

सुडो ही युनिक्स व लिनक्स संगणकप्रणालींमधील एक आज्ञावली आहे. तिच्या साहाय्याने सामान्य वापरकर्त्याला एखादी आज्ञा 'रूट' या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने चालवता येते. नवे सॉफ्टवेअर बसवणे हा तिचा सर्वांत परिचित उपयोग होय.

इतिहास

सुडोची पहिली आवृत्ती १९८०च्या सुमारास बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात लिहिली. १९९०च्या दशकापासून टॉड मिलर यांनी तिची देखभाल केली.

कार्यपद्धती

सॉफ्टवेअरच्या फाइल्स सर्वांच्या सामाईक फोल्डरांत जातात. तेथे बदल करण्याचा अधिकार सहसा रूटलाच असतो. म्हणून उबुंटूमध्ये 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' या शब्दांपुढे पॅकेजचे नाव लिहून आज्ञा दिली जाते. सुडो सामान्यतः रूटचा नव्हे, तर वापरकर्त्याचा स्वतःचाच पासवर्ड विचारते आणि 'सुडोअर्स' फाइलमध्ये त्याला परवानगी आहे का, हे पाहते. अधिकार त्या आज्ञेपुरता मिळतो व कोणी कोणती आज्ञा दिली, याची नोंद राहते. रूटचा एकच पासवर्ड अनेकांना दिल्यास हे उत्तरदायित्व उरत नाही.

सुरक्षितता

सुडो वापरकर्त्याची परवानगी तपासते, पॅकेजची विश्वासार्हता नव्हे. पॅकेजसोबत आलेल्या स्क्रिप्टही रूटच्या अधिकाराने चालतात. त्यामुळे अनोळखी ठिकाणचे पॅकेज संपूर्ण संगणकाचा ताबा घेऊ शकते. जानेवारी २०२१ मध्ये खुद्द सुडोमधील एक गंभीर दोष उघडकीस आला. २०११ पासून दडून राहिलेल्या या दोषामुळे संगणकावरील सामान्य वापरकर्त्यालाही रूटचे अधिकार मिळवता येत होते. १.९.५पी२ या आवृत्तीत तो दूर करण्यात आला.