तीन डोक्यांच्या राक्षसाची कचेरी

एप्रिल १९६९. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातला कॅम्पबेल हॉल. तीनच महिन्यांपूर्वी, १७ जानेवारीला, याच इमारतीत ब्लॅक पँथर पक्षाचे बंची कार्टर आणि जॉन हगिन्स गोळ्या लागून पडले होते. तुम्ही जिना चढून वर येता, दार ढकलता, आणि समोर नुसता कागदांचा ढीग.

इथे पाहुणा म्हणून उभं राहायची सोय नाही. कात्री लगेच तुमच्या हातात येते. टाइप केलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापायच्या, पानावर डकवायच्या. ओळ तिरकी गेली की सोलून पुन्हा लावायची. पगार कुणालाच नाही. मासिकाचं नाव ‘गिड्रा’. गॉडझिलाच्या जपानी चित्रपटांतला तो तीन डोक्यांचा उडता राक्षस, किंग घिडोरा, त्याच्यावरून घेतलेलं. स्पेलिंग चुकलंय, पण त्याची फिकीर कुणाला आहे?

माइक मुरासे, डायनोरा गिल, लॉरा हो, कॉलिन वातानाबे, ट्रेसी ओकिडा. विद्यार्थी पाच. विद्यापीठाकडे मदत मागितली तेव्हा मजकुरावर वरून लक्ष राहणार असं दिसलं. मग पाचही जणांनी प्रत्येकी शंभर डॉलर काढले. पाचशे डॉलरचं भांडवल आणि कुणाची मिंधेगिरी नाही.

आजूबाजूचे बहुतेक चेहरे सान्सेई, म्हणजे जपानी अमेरिकनांची तिसरी पिढी. चिनी, फिलिपिनो, कोरियन घरांतलेही आहेत. सान्सेई पोरांच्या आईवडिलांना दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली सरकारने उचलून काटेरी तारांच्या छावण्यांत टाकलं; सुमारे १,२०,००० माणसं, त्यांतली बहुसंख्य अमेरिकेची नागरिक. घरात मात्र त्याचा विषय निघत नाही. ‘त्या बाई ना, कॅम्पातल्या ओळखीच्या,’ इतकंच कानावर पडतं आणि आई पुन्हा भाजी चिरायला लागते.

म्हणून २७ डिसेंबरला तुम्हीही या पोरांबरोबर निघा. उत्तरेकडे, सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, मान्झानारला. स्वेटर कमी पडेल. वारा हाडात शिरतो. एकेकाळी इथे दहा हजारांवर माणसं कोंडलेली होती. आता झुडपं, माती आणि दफनभूमीत एक पांढरा स्तंभ, त्यावर काळी जपानी अक्षरं. छावणीतल्या लोकांनीच १९४३ मध्ये तो उभारला. सोबत दीडशेच्या आसपास लोक आहेत. वॉरेन फुरुतानीसारखी तरुण मंडळी आहेत तसे काही म्हातारेही. दफनभूमीची झाडलोट चालते. थंडीत हात चोळत एखादा म्हातारा बोलायला लागला तर मध्ये प्रश्न विचारू नका, ऐकत राहा. अशा यात्रांची बातमी इंग्रजी दैनिकांत आली तर कोपऱ्यात येते. ‘गिड्रा’त ती घरची बातमी असते.

त्याआधी ऑक्टोबरच्या अंकात एमी उयेमात्सू या विद्यार्थिनीचा ‘यलो पॉवर’वरचा लेख आला होता. गोऱ्यांसारखं होण्याची धडपड सोडा, काळ्यांच्या चळवळीकडून शिका, असा त्याचा रोख. आशियाई अमेरिकनांना चिकटवलेली ‘गुणी अल्पसंख्याक’ ही पदवी शाबासकी नसून काळ्यांना हिणवायला वापरलेली काठी आहे, हे वर्गातल्या निबंधाच्या शिस्तीत ठणकावून सांगितलेलं. पुढे ती नावाजलेली कवयित्री झाली.

मला विचाराल तर ‘गिड्रा’चं खरं वजन जानेवारी १९७१च्या अंकात कळतं. एव्हलिन योशिमुरा यांचा लेख उघडा. व्हिएतनामला पाठवण्याआधी सैनिकांना जे प्रशिक्षण मिळतं, त्यात आशियाई बायकांबद्दलचे अचकट विचकट विनोद असतात आणि पलटणीतल्या आशियाई पोराला उभं करून ‘शत्रू असा दिसतो’ म्हणून दाखवतात. योशिमुरांचं म्हणणं सरळ आहे: बाईला माणूस न मानणं हाच युद्धाचा पहिला धडा, आणि त्याची झळ लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर चालणाऱ्या मुलीलाही बसते. युद्धविरोधी मोर्च्यांतल्या गोऱ्या पोरांना हे सुचत नव्हतं. सुचायला ते कधी पलटणीत तसे उभे राहिले नव्हते.

मे १९७२. अॅलन ताकेमोतोंनी काढलेलं मुखपृष्ठ हातात घ्या. गोरा अधिकारी आशियाई अमेरिकन सैनिकाला हुकूम सोडतोय, समोरच्याला मार. आणि मरणारा व मारणारा, दोघांना शिवी एकच. त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही मंडळी दलित पँथर उभी करत होती. ओकलंडच्या काळ्या पँथरांनी दोन्हीकडच्या पोरांना हिंमत दिली होती, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

एव्हाना कचेरी विद्यापीठ सोडून क्रेन्शॉ भागात, जपानी आणि काळ्या कुटुंबांच्या शेजारात आली आहे. अंकात कविता आहेत, व्यंगचित्रं आहेत, झोपेच्या गोळ्यांच्या नशेत मरणाऱ्या शेजारच्या मुलांची काळजीही आहे. खप साधारण चार हजार. मोठं पद कुणाचंच नाही, कामं वाटून घ्यायची. ऐकायला छान वाटतं. पण मालक नसलेल्या घरात भांडी घासायची पाळी कुणाची, हा वादही रोजचाच. पोरं तिशीकडे झुकतात, नोकऱ्या लागतात, रात्री जागून पानं लावणारे हात कमी होतात.

एप्रिल १९७४च्या अखेरच्या अंकात मुरासेंनी पाच वर्षांचा हिशेब मांडला आणि त्याला नाव दिलं ‘अनवाणी पत्रकारितेकडे’. मासिक बंद पडलं म्हणून फसलं, असं मी तरी मानत नाही. कुणाच्या पैशावर न चाललेल्या मासिकाने पाच वर्षं तग धरली, अडीचशेच्या आसपास लोकांना लिहितं आणि कामाला लावलं, ही कमाई थोडी नाही. २०१९ मध्ये नव्या पिढीने ते नाव पुन्हा छापायला घेतलं. जुने अंक डेन्शो या संस्थेच्या डिजिटल संग्रहात फुकट वाचायला मिळतात. वेळ कमी असेल तर पहिल्या अंकापासून सुरुवात करू नका; जानेवारी १९७१चा आधी उघडा.