शेवट कुणी ऐकला?

मोबाईल इथंच ठेवा. कानातली ती पांढरी बोंडंही काढा, जिथं जायचंय तिथं ती कुणी पाहिली तर तुम्हाला आधी वैद्याकडं नेतील. स्टोरीटेल मराठीत आलं २०१७ साली, त्याला अजून निम्मं शतक अवकाश आहे. तुम्ही उतरताय कोऱ्हाळे बुद्रुकात, साधारण १९६८च्या चैत्रात. एखादं वर्ष इकडंतिकडं झालं तरी उकाडा तोच.

अंग उसनं मिळालंय, एका बागायतदाराच्या धाकट्या मुलाचं. तळवे बघा, खोऱ्याच्या दांड्यानं घट्टे पडलेत. दंडावर उसाच्या पाल्यानं ओरखडे काढलेत, घाम उतरला की चरचरतात. दिवस मावळलाय, पण ओसरीचा दगड अजून बुडाला चटके देतोय. वारा सोमेश्वर कारखान्याकडून वळला की मळीचा आंबूसगोड दर्प येतो. पाहुण्यांना तो नकोसा होतो. तुम्हाला त्याचं काहीच नाही, कारण हे नाक इथलंच आहे.

आज चूल लवकर विझली. भाकरी-ठेचा उभ्या उभ्या उरकला, कारण नऊनंतर रेडिओवर श्रुतिका आहे आणि आळीत रेडिओ एकच, तुमचा. दिवे लागायच्या आत पोरं अंगणात जागा धरून बसलीत. मग घोंगड्या आल्या, बिड्या आल्या, तंबाखूचा वास आला. माजघराच्या दाराआड बायकांची दाटी झालीय, बांगड्यांवरून कळतं. कोण ओसरीवर, कोण अंगणात आणि कोण कुंपणाच्या भिंतीबाहेर रस्त्यात उभं राहणार, हे कुणी सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. आवाज तेवढा भिंत जुमानत नाही.

रेडिओ फळीवर, लोकरीच्या विणलेल्या रुमालाखाली. त्याचा परवाना म्हणजे पोस्टाचे शिक्के मारलेलं पुस्तक, तेही देवघरात. बटणाला हात फक्त दादाचा. पुणं कुठं लागतं ते चुकू नये म्हणून वैनीनं काचेवर कुंकवाचं बोट टेकवलंय. दादा बटण पिळतो. आधी काट्यामागचा दिवा लागतो, मग गुणगुण, मग तापलेल्या धुळीचा वास. आवाज सगळ्यात शेवटी येतो, आणि तोवर अंगणातली साठ-सत्तर माणसं श्वास धरून असतात.

“गप की रं आता!”

पाऊस लागलाय. तिकडं, रेडिओत. एक म्हातारी एकटी घरात, बारा वर्षांपूर्वी परागंदा झालेल्या मुलाची वाट बघत. ढग गडगडतो आणि तुमच्या मानेवरचा घाम खरंच गार पडतो. तेवढ्यात आतून आत्याचा आवाज, “अगं, कुरडया आत घेतल्या का?” अख्खं अंगण खदखदतं. आत्या चिडते, पण एक पोरगी माळवदावर जाऊन कुरडया झाकून येतेच. न जाणो.

आता एक गुपित, कुणाला सांगू नका. असला पाऊस शिवाजीनगरच्या स्टुडिओत बनतो. गडगडाट म्हणजे हलवलेला पत्रा, टांग्याचा घोडा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या. एक दार तर भिंतीशिवायच उभं असतं, नुसतं चौकटीत, कड्याकोयंडे लावून, ठोठावण्यापुरतं. नट हातात कागद धरून मायक्रोफोनपुढं उभे राहतात आणि वाचून झालेलं पान आवाज न करता बाजूला सारतात. पान सळसळलं तर बारामतीपर्यंत ऐकू जाईल. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधल्या मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, असं वर्तमानपत्र वाचणारे सांगतात. वैनीला ते पटत नाही. मीनावहिनी या मीनावहिनीच, आणि टेकाडे भावजी आले की चहा टाकावा लागणार.

रेडिओतल्या म्हातारीच्या दारावर थाप पडते. बाहेरचा म्हणतो, आई, मी आलोय. म्हातारी विचारते, कशावरून? आणि अंगणात दोन तट पडतात.

“उघड की म्हातारे!”

“खुळी का काय? चोर असंल त्यो!”

रेडिओला उत्तर द्यायची खोड या भागाला जुनी. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोतृमंडळं बसवली होती. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, शेती नि आरोग्यावरचे कार्यक्रम. वीसेक जणांनी एकत्र ऐकायचं, त्यावर बोलायचं, ठरवायचं आणि प्रश्न केंद्राकडं पाठवायचे. नाटकाला प्रश्न पाठवा असं मात्र कुणी म्हणालं नव्हतं. ते लोकांनी आपल्या मनानं वाढवलं.

बाहेरचा माणूस आता लहानपणीची एक खूण सांगतोय. म्हातारी गप्प. कोपऱ्यातल्या आबांची बिडी बोटापर्यंत जळत आलीय. पाऊस थोडा ओसरला. म्हातारीची पावलं दाराकडं निघालीत. एक, दोन...

“धाकलं! पाणी आलं वं! दारं धरायला चला!”

पाटकऱ्याचा माणूस. नीरेच्या डाव्या कालव्याची पाळी. पाणी नाटक बघून येत नाही आणि गेलं तर पुढच्या पाळीपर्यंत ऊस वाळतो. तुम्ही दादाकडं बघता, दादा रेडिओकडं बघतो. घरात धाकटे तुम्ही. खोरं उचला, कंदील घ्या.

रस्त्यानं उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, गाडीवान झोपेत. पाच-सहा गाड्या ओलांडेपर्यंत मागून आवाज येत राहतो, शब्द कळत नाहीत, नुसता चढउतार. मग तोही जातो. रानात डास कानाशी. चिखलात पाय रुततो आणि पाटाचं पाणी घोट्याला लागतं, दिवसभरातली पहिली गार वस्तू. एक सरी भरली, दार मोडा, दुसरीला लावा. पहाटेपर्यंत हेच. डोक्यात मात्र म्हातारी कडीवर हात ठेवून ताटकळलेली. मागं सरकवून पुन्हा ऐकायची सोय अजून कुणाच्या स्वप्नातही नाही.

सकाळी दाढीला बसता. न्हावी वस्तरा परजत सांगतो, तो तोतया होता, म्हातारीनं आतूनच हाकलला. म्हातारीचा आवाज तो असा काढतो की तुमच्या गालाला वस्तऱ्याची भीती वाटावी. गिरणीपाशी दळण घेऊन बसलेल्या बायकांचं म्हणणं, पोरगाच होता, पण दार उघडेपर्यंत निघून गेला. एकीचे डोळे सांगताना भरून येतात. कालव्यावर धुणं धुणाऱ्या तर शपथेवर सांगतात, की मायलेक भेटले, रडले, आणि सनई वाजली.

घरी येऊन वैनीला गाठता. ती आधी इकडंतिकडं बघते.

“कुनाला बोलू नका भावजी. म्हातारी दाराशी गेली न् कुनीतरी हिरीवरची मोटर चालू केली. नुसती खरखर. थांबली तवा ती बाई नावं वाचीत हुती.”

“म्हंजे शेवट कुनीच ऐकला न्हाई?”

“मी ऐकला की. खरखरीत कडी वाजली. उघडलं तिनं दार. माझ्या कानानं ऐकली कडी.”

माजघरातून आत्या म्हणते, “ती आपल्या गोठ्याची.”