तुमचा वेताळ भारी की आमचा?

सुर्ल्यातल्या आमच्या वयाच्या मंडळींना हा वाद आठवत असेल. १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाली आणि ली फॉक यांचा १९३६ सालचा फँटम मराठीत आला तो 'वेताळ' होऊन. आता आम्हा गोंयकारांना हे नाव नवे थोडेच! आपल्याच डिचोली तालुक्यात आमोण्याला वेताळाचे देऊळ. मग शाळेतून येताना भांडण ठरलेले. त्याच्याकडे दोन पिस्तुले, कवटीची अंगठी. आमचा रात्रभर गावाची राखण करत फिरतो, वहाणा झिजतात म्हणून लोक नव्या वाहतात. कोण भारी?

एकदा आजोने विचारले, "तुमचो वेताळ मरता?"

"मरतो. हा एकविसावा. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा घालतो. लोकांना वाटते, अमर आहे."

"पळय! बळ आंगात न्हय रे, राखण सोडूंक ना तातूंत."

आजो गेला, बाबा गेले. राखणदाराला नारळ ठेवायची पाळी आता माझी. मुलगा पुण्याला, हल्क भारी की थॉर यावर मित्रांशी तासन्‌तास भांडतो. चवथीला आला की त्याला हे सांगायचे आहे.