मृतांचा स्मरणदिन
दिवंगत ख्रिस्ती श्रद्धावंतांच्या आत्म्यांसाठी २ नोव्हेंबरला करण्यात येणारी कॅथलिक पंथाची वार्षिक उपासना. फ्रान्समधील क्लूनीचे मठाधिपती ओदिलो (कार्यकाल ९९४–१०४९) यांनी आपल्या अखत्यारीतील मठांत ती सुरू केली. येशूच्या पुनरुत्थानावरील श्रद्धा हा तिचा पाया होय (पहा : ईस्टर). थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल शोकाला मनाई करीत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक नको, एवढेच सांगतो. हा भेद मूलभूत आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी धर्मगुरूंना या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ पुनरुत्थान मानतात, मात्र मृतांसाठी प्रार्थना करीत नाहीत (पहा : शुद्धिस्थान). वसईतील कॅथलिक कुटुंबे कबरी स्वच्छ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात.