केरीहून तेरेखोल, व्हाया १७४६

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते. डावीकडे समुद्र, उजवीकडे आत वळत गेलेली तेरेखोल नदी आणि पलीकडे टेकडीवर किल्ला. मुलं कठड्याला चिकटलेली, आजी गाडीतून उतरायला तयार नाहीत. पार व्हायला काही मिनिटं पुरतात. तुम्ही मात्र जरा लांबच्या वाटेने जा.

नोव्हेंबर १७४६. नदीच्या तोंडाशी पोर्तुगीज गलबतं उभी आहेत. वर जांभ्या दगडाच्या तटावर सावंतवाडीकर सावंतांची माणसं तोफांना बत्ती देताहेत. दारूच्या धुराने तुमचे डोळे चुरचुरतात. २३ तारखेला किल्ला पडतो. जिंकणारा व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदा. याच वर्षी त्याने इथून जवळचं हळर्ण घेतलेलं असतं आणि पुढे त्याला किताब मिळतो तो ‘मार्किस द आलोर्न’ असा. पेडण्यातल्या एका गावाचं नाव लिस्बनच्या दरबारात मिरवलं गेलं, आणि आपल्याकडे हळर्णचा किल्ला बघायला फारसं कुणी वाट वाकडी करत नाही! सगळा पेडणे महाल पोर्तुगीजांकडे जायला मात्र १७८८ उजाडावं लागलं.

बोट टेकते. चढण संपेपर्यंत तुम्ही १५ ऑगस्ट १९५४ ला पोचलेले असता. जांभा शेवाळून निसरडा झालाय, कपडे अंगाला चिकटलेत. पोर्तुगीजांपासून गोवा सोडवायला निघालेल्या आल्फ्रेद आफोन्सो यांच्या तुकडीतले निःशस्त्र सत्याग्रही दरवाजातून आत शिरताहेत. तुम्हीही शिरता. अंगण केवढंसं, त्यातली बरीचशी जागा सेंट अँथनीच्या चर्चने घेतलेली. जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघ्यावर हात ठेवून चढता. वर तिरंगा लागतो. एक दिवस तो तिथे राहतो, मग धरपकड, मग तुरुंग.

पुढचा १५ ऑगस्ट याहून वाईट. १९५५ मध्ये याच तेरेखोलला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पनवेलचे हिरवे गुरुजी गेले, शेषनाथ वाडेकर गेले. एरवी पर्यटकांना इथे सांगितलं जातं ते सूर्यास्ताचं. ही दोन नावं मुलांना तुम्हीच सांगायला हवीत.

तटावरून खाली पाहा. केरीची वाळू, सुरूची झाडं, दक्षिणेकडे लांबत गेलेला किनारा. मुलगा विचारतो, “बाबा, गोवा तिकडे आणि आपण इकडे, असं कसं?” प्रश्न रास्त आहे. नदीच्या उत्तरेला असूनही तेरेखोल गोव्याचं, आणि जमिनीच्या वाटेने निघालात तर लगेच महाराष्ट्र. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ही हद्द दोन देशांमधली होती. आज हद्दीपलीकडच्या रेडी गावाकडे गाडी वळवा, कुणी नावसुद्धा विचारणार नाही.

रेडीचा द्विभुज गणपती १९७६ साली तिथल्या खाणीत सापडला, म्हणजे आतापर्यंतच्या मुक्कामांच्या मानाने अगदी परवाचा. आजींना आधी दर्शन हवंय, मुलांना आधी तिसऱ्या आणि भात. गाडीत बसल्यावर काय ते ठरवा. बहुतेक आजीच जिंकतील.