ध्वनिक्षेपक आणि कादंबरी : वेणू चितळे यांच्या कारकीर्दीचा विचार

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय दूरचित्रवाणीवरून जगाच्या बातम्या सांगणाऱ्या पत्रकाराने कादंबरीही लिहावी, याचे आज कोणाला विशेष नवल वाटत नाही. मराठी भाषकांपुरता या परंपरेचा आरंभ शोधू गेल्यास मात्र दूरचित्रवाणीच्या मागे, नभोवाणीच्या काळात जावे लागते. बीबीसीने आपली दूरचित्रवाणी १ सप्टेंबर १९३९ रोजी बंद केली आणि ती ७ जून १९४६ रोजी पुन्हा सुरू केली. मधली युद्धाची वर्षे ही पूर्णतः आवाजाची वर्षे होती. या काळात लंडनमधील ध्वनिक्षेपकासमोर बसून इंग्रजीतून आणि मराठीतून बोलणारी, आणि युद्ध संपल्यानंतर कादंबरीकार झालेली मराठी स्त्री म्हणजे वेणू दत्तात्रय चितळे (१९१२-१९९५) होय.

मराठी साहित्याच्या प्रचलित इतिहासग्रंथांत त्यांना स्थान मिळालेले नाही. याचे कारण त्यांच्या लेखनाच्या दर्जात शोधण्यापेक्षा इतिहासलेखनाच्या पद्धतीत शोधावे लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यांचे मराठी हवेतून गेले आणि त्यांची कादंबरी इंग्रजीत छापली गेली. आपला साहित्येतिहास छापील मराठीचाच विचार करीत आल्यामुळे या दोन्ही गोष्टी त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

हुजूरपागा ते लंडन

वेणू चितळे यांचा जन्म १९१२ साली कोल्हापूर परिसरात एका मोठ्या कुटुंबात झाला. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्यांचे शिक्षण झाले. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या या शाळेने महाराष्ट्रातील शिकलेल्या स्त्रियांच्या दोन-तीन पिढ्या घडविल्या, हे सर्वज्ञात आहे. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून त्या १९३४ साली इंग्लंडला गेल्या. ज्या काळात शिक्षणासाठी विलायतेला जाणे म्हणजे बहुधा बॅरिस्टर किंवा आय.सी.एस. होण्यासाठी मुलाने जाणे, त्या काळात एका अविवाहित मराठी मुलीचे हे प्रस्थान सामान्य नव्हते. लंडनमध्ये कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशी त्यांचा संबंध आला. भारताच्या स्वातंत्र्याची बाजू ब्रिटिश जनतेपुढे मांडणारी ही संस्था होती. पुढील विवेचनासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

१९४० मध्ये त्या बीबीसीत दाखल झाल्या. झुल्फिकार अली बुखारी यांच्या देखरेखीखाली भारतासाठीचा विभाग त्याच वर्षी उभा राहत होता. नंतर हिंदी चित्रपटांत गाजलेले बलराज साहनी हेही त्या वर्षांत तेथेच निवेदक होते.

'ऑर्वेलची सेक्रेटरी'

वृत्तपत्रांतून वेणूताईंचा उल्लेख होतो तो बहुतेक वेळा 'जॉर्ज ऑर्वेलची सेक्रेटरी' म्हणून. या वर्णनाने गैरसमज होतो. ऑर्वेल बीबीसीच्या पौर्वात्य विभागात आले ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे वेणूताई तेथे काम करू लागल्यानंतर. त्यांनी ऑर्वेल यांना कार्यक्रमांच्या कामात साहाय्य केले हे खरे. परंतु त्या स्वतः निवेदिका, वार्तावाचक आणि व्याख्यात्या होत्या. 'थ्रू ईस्टर्न आईज' या भारतासाठीच्या व्याख्यानमालेत त्यांचा सहभाग होता. ब्रिटिश गृहिणींना शिधावाटपाच्या दिवसांत स्वयंपाकाचे मार्गदर्शन करणाऱ्या 'द किचन फ्रंट' या कार्यक्रमातही त्यांनी शाकाहारी पदार्थ सांगितले. मांस व अंडी मोजून मिळत असलेल्या इंग्लंडला वरण-भाजीचे शहाणपण एका कोल्हापूरकडच्या बाईने शिकवावे, हा प्रसंग साम्राज्याच्या इतिहासात किरकोळ असला तरी गमतीचा आहे.

आवाजाच्या संदर्भात एक गोष्ट विशेष नोंदवावी लागते. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात ऑर्वेल यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली होती आणि त्यांचा आवाज कायमचा क्षीण झाला होता. डिसेंबर १९४१ पासून ते भारतासाठी दर आठवड्याला युद्धविषयक वार्तापत्र लिहीत. पण जवळजवळ वर्षभर ते स्वतः वाचीत नसत. लिहिणारे ऑर्वेल आणि वाचणारे बुखारी, वेणू चितळे व इतर भारतीय सहकारी, अशी व्यवस्था होती. नोव्हेंबर १९४२ नंतर ऑर्वेल स्वतःच्या नावाने व आवाजात वाचू लागले. १९४२ मध्ये बीबीसीचे मराठी प्रक्षेपण सुरू झाले आणि गुजराती, बंगाली, तमिळ या भाषांप्रमाणे मराठीसाठीही ऑर्वेल इंग्रजी मसुदा तयार करू लागले. 'अॅनिमल फार्म' (१९४५) आणि 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) या कादंबऱ्यांचा कर्ता काही काळ मराठी श्रोत्यांसाठी बातम्या लिहीत होता, ही गोष्ट आपल्याकडील इंग्रजी विभागांतही फारशी सांगितली जात नाही.

१ डिसेंबर १९४२ चे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. 'व्हॉइस' या नभोवाणीवरील वाङ्मयीन मासिकासाठी जमलेल्या मंडळींत टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या कवयित्री उना मार्सन, तंबिमुत्तू, नारायण मेनन, विल्यम एम्प्सन आणि ऑर्वेल आहेत. वेणू चितळेही त्यांच्यासमवेत त्याच टेबलाशी बसलेल्या आहेत. या छायाचित्राची चर्चा एलियट आणि ऑर्वेल यांच्याबद्दल होते. टेबलाशी बसलेल्या या मराठी बाई कोण, हा प्रश्न मराठी अभ्यासकांनी तरी विचारायला हवा होता.

ऑगस्ट १९४२

'व्हॉइस'चा पहिला अंक ११ ऑगस्ट १९४२ रोजी प्रक्षेपित झाला. तारीख पाहावी. दोनच दिवस आधी, ९ ऑगस्टच्या पहाटे, गांधीजी, नेहरू, आझाद यांना मुंबईत अटक झाली होती. पाच दिवसांनी, १६ ऑगस्टला, आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे गोळीबार व जाळपोळ झाली. २७ ऑगस्टला उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ मुंबईतून बोलू लागला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो पकडला. जर्मनीतून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ वर्षारंभापासून चालू होता. एकाच आकाशात, एकाच श्रोत्यासाठी, परस्परविरोधी आवाज स्पर्धा करीत होते आणि त्यांपैकी साम्राज्याच्या बाजूच्या आवाजांत इंडिया लीगशी संबंध असलेली एक मराठी स्त्री होती.

हा विरोधाभास कसा समजून घ्यावा? बीबीसीच्या प्रत्येक संहितेला दोन परवानग्या लागत : एक लष्करी सुरक्षेच्या दृष्टीने आणि दुसरी धोरणाच्या दृष्टीने. निवेदकाने संहितेबाहेरचे बोलू नये म्हणून प्रक्षेपण तोडू शकणारा अधिकारी नेमलेला असे. म्हणजे आवाज भारतीय, शब्द तपासलेले. ऑर्वेल यांच्या त्या ऑगस्टमधील दैनंदिनीत भारतीय सहकाऱ्यांवर पसरलेल्या खिन्नतेची नोंद आहे; मुस्लिम लीगकडे कल असलेले बुखारीसुद्धा राजीनाम्याची भाषा बोलत होते, असे ते लिहितात. तरीही ही माणसे कामावर राहिली. फॅसिझमचा पराभव ही स्वातंत्र्याची पूर्वअट आहे, असे त्यांतील अनेकांना वाटत होते, आणि त्या वाटण्यात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही.

यवतमाळच्या वाचकाला या प्रश्नाची ओळख वेगळ्या मार्गाने आहे. वणीचे सुपुत्र, यवतमाळचे वकील आणि १० जुलै १९३० रोजी पुसद येथे जंगल सत्याग्रह करून कारावास पत्करणारे लोकनायक बापूजी अणे १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. ऑगस्ट १९४२ मध्येही ते त्या पदावर होते आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींच्या एकवीस दिवसांच्या उपोषणाच्या वेळी, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. अणे यांच्या त्या दीड वर्षाचा न्यायनिवाडा आपण एका वाक्यात करीत नाही. त्यांच्यापुढील पर्यायांचा विचार करतो. सत्तेच्या यंत्रणेत राहून स्वदेशासाठी काही साधते का, हा जो प्रश्न अणे यांच्यापुढे दिल्लीत होता, तोच वेणू चितळे यांच्यापुढे लंडनमध्ये होता. फरक इतकाच की अणे यांना राजीनाम्याची भाषा उपलब्ध होती आणि त्या भाषेला वृत्तमूल्य होते. विभागातील एका सहायिकेच्या राजीनाम्याची बातमी कोणी छापली नसती. ऑर्वेल यांनी मात्र सप्टेंबर १९४३ मध्ये राजीनामा दिला. ज्या कामाचा काही परिणाम होत नाही त्यावर आपला वेळ आणि जनतेचा पैसा वाया जात आहे, असे कारण त्यांनी दिले. भारतात रेडिओ-संच मोजक्या घरांत, त्यासाठी परवाना आवश्यक आणि लघुलहरींवर खरखर. तेव्हा त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

कादंबरीकडे

डिसेंबर १९४७ मध्ये वेणूताई स्वदेशी परतल्या. १९५० साली मुंबईच्या हिंद किताब्ज या प्रकाशनसंस्थेने त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. लग्नानंतर त्यांचे नाव लीला गणेश खरे असे झाले. पुस्तकावर मात्र वेणू चितळे हेच नाव आहे.

या कादंबरीत लंडन नाही. बॉम्बवर्षावाखालचे शहर, युद्धाच्या बातम्या, ऑर्वेल किंवा एलियट यांपैकी काहीही नाही. विषय आहे पुण्यातील एका ब्राह्मण एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा, आणि काळ दोन महायुद्धांच्या दरम्यानचा. टिळकयुगाकडून गांधीयुगाकडे जाताना घरातील वडीलधारे, सुना आणि शिकू लागलेल्या मुली यांच्यात जे पालटते, ते या कादंबरीचे द्रव्य आहे. ज्या बाईने विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या बातमीचे वाचन केले, तिने कादंबरीसाठी बातमीच्या आधीचे घर निवडले.

विदर्भातील वाचकाला येथे अरुण साधू आठवल्याशिवाय राहणार नाहीत. परतवाड्यात जन्मलेल्या साधूंनी (१९४१-२०१७) इंग्रजी वृत्तपत्रांत पत्रकारिता केली, चीन व क्यूबाच्या क्रांत्यांवर मराठीत लिहिले, आणि 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांत बातमीमागचे राजकारणच कथेचा विषय केले. त्यांच्या कादंबरीत पत्रकार हे पात्र आहे. साधूंना जे छापता येत नव्हते ते त्यांनी कथेत घातले, असे म्हणता येते. वेणू चितळे यांच्याबाबतीत हे सूत्र जसेच्या तसे लागू होत नाही. त्यांनी दडपलेली बातमी कादंबरीत आणली नाही. तथापि ध्वनिक्षेपकापुढे जे बोलता येत नव्हते ते राष्ट्रीय चळवळीचे घरगुती रूप होते, आणि तेच कादंबरीत आले आहे. श्रोत्यांना 'भारतीय जनता' म्हणून एकत्र संबोधणाऱ्या आवाजाला स्वयंपाकघर आणि माजघर यांतील भेद सांगण्याची सोय नव्हती. दुसऱ्या परवानगीचा शिक्का कादंबरीला लागत नव्हता.

हा योग केवळ चितळे यांच्यापुरता नाही. लखनौच्या अतिया हुसैन १९४७ साली इंग्लंडला गेल्या, बीबीसीच्या पौर्वात्य विभागात बोलल्या आणि १९६१ साली 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी लिहिली. तीही मागे सोडलेल्या घराण्याचीच कथा आहे. नभोवाणीवरून दूरदेशी बोलणाऱ्या स्त्रीने लेखणी हाती घेताच मागे राहिलेल्या घराकडे वळावे, असे दोन वेगवेगळ्या भाषिक परंपरांत घडले. अतिया हुसैन यांची कादंबरी पुनर्मुद्रित होऊन अभ्यासक्रमांत आली. 'इन ट्रान्झिट'ला ते भाग्य लाभले नाही.

मराठी कोणाला म्हणावे?

'इन ट्रान्झिट' मराठीत असती तर तिचे वाचन विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या कथासंग्रहाच्या संदर्भात झाले असते, कारण पुण्यातील शिकलेल्या स्त्रीचे मन हा दोघींचा समान प्रदेश आहे. इंग्रजीत असल्यामुळे ती भारतीय इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात गेली आणि तेथे तळटीपेत राहिली. आनंद, राजा राव, नारायण यांच्या पिढीचे वर्णन करताना एखाद्या वाक्यात तिचा उल्लेख होतो, इतकेच.

भाषेच्या या सीमेचा प्रश्न आपल्या जिल्ह्याने अलीकडेच अनुभवला. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐनवेळी मागे घेण्यात आले. घेतलेल्या आक्षेपांपैकी एक, इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेने मराठी संमेलनाचे उद्घाटन का करावे, हा होता. सहगल यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मूळ कोकणातील मराठी घराण्यातले आणि कल्हणाच्या 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतरकार (१९३५). निमंत्रणवापसीचे राजकारण हा या लेखाचा विषय नाही. परंतु इंग्रजीत लिहिणारी म्हणून जिला परकी म्हणायचे, त्या यादीत आपण आणखी कोणाला ढकलतो, हे पाहायला हवे. वेणू चितळे यांनी तर मराठी बातम्या वाचल्या होत्या, आणि त्याही ज्या शहरातून आपल्यावर राज्य चालत होते त्या शहरातून.

बीबीसीचे मराठी प्रक्षेपण १९५८ च्या अखेरीस बंद झाले. २ ऑक्टोबर २०१७ रोजी ते नव्या माध्यमातून पुन्हा सुरू झाले. दरम्यान १९९३ साली वेणूताईंची 'इन्कॉग्निटो' ही दुसरी कादंबरी आली आणि १ जानेवारी १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. ऑर्वेल यांची युद्धकालीन प्रक्षेपणे डब्ल्यू. जे. वेस्ट यांनी बीबीसीच्या कॅव्हरशॅम येथील लेखागारातून शोधून १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे पीटर डेव्हिसन यांनी वीस खंडांत (१९९८) ऑर्वेल यांचे समग्र वाङ्मय संपादित केले. हे दोन्ही संपादक ऑर्वेलच्या शोधात होते. मराठी अभ्यासकाने त्याच लेखागारात जाताना निवेदकांच्या नोंदी, मानधनाचे कागद आणि मराठी वार्तापत्रांच्या फाइली मागाव्यात, आणि प्रारंभ ९ ऑगस्ट १९४२ नंतरच्या पहिल्या आठवड्यापासून करावा.