जात्यावरची ओवी आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र
#इतिहास #धागा

१/९
डिसेंबर १९३४. गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेली बाग ‘मगनवाडी’ या नावाने त्याचे केंद्र बनली आणि कामाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली. तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ यांबरोबरच जात्यावरच्या पिठाचाही पुरस्कार येथून होऊ लागला.

२/९
यांत्रिक चक्कीमुळे पिठाचा कस जातो आणि गावाचा रोजगार बुडतो, असा या चळवळीचा विचार होता. जात्याशी आणखी एक गोष्ट बांधलेली होती : ओवी. पहाटेच्या अंधारात खुंटा धरून बायका माहेर, भाऊराया, सासुरवास, विठ्ठल गात. दळण संपले की गाणेही संपे. जाते थांबले, तर ते गायचे केव्हा?

३/९
मग त्या काळी ते मुद्रित करून ठेवणे सोपे होते का? यंत्राचा इतिहास पाहू. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. गायिकेने कर्ण्यात मोठ्याने गायचे आणि सुमारे तीन मिनिटांत आटोपायचे, अशी ती रीत. हलक्या आवाजातली, तासभर चालणारी ओवी त्यात मावणार कशी?

४/९
१९२५ च्या सुमारास विद्युत मायक्रोफोन आला आणि नाजूक आवाजही टिपता येऊ लागला. तरी यंत्रे महाग आणि अवजड होती. ती मुख्यतः कंपन्यांच्या हाती होती, आणि कंपनी मुद्रित करी ते विकण्यासाठी. ओवी ही विकण्याची वस्तू नव्हती.

५/९
१९६३ मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली. बॅटरीवर चालणारे, खांद्याला अडकवता येणारे टेपरेकॉर्डर हळूहळू सामान्यांच्या आवाक्यात आले. घरातले गाणे घरातच टिपणे शक्य झाले. मात्र तोवर चक्कीही गावोगाव पोहोचू लागली होती.

६/९
विसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या कागदावर उतरल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचा संगणकीय संग्रह उभा राहिला. २०१७ पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ तो वाचकांसमोर आणत आहे.

७/९
या संग्रहातील ध्वनिमुद्रण सुमारे १२० तासांचे आहे. एका ओवीला सरासरी एक मिनिट धरले, तर हिशेब होतो ७,२०० ओव्यांचा. म्हणजे एवढ्या मोठ्या आणि चिकाटीच्या कामातही बहुतेक ओव्यांचे शब्दच आपल्या हाती उरले.

८/९
शब्द उरले, मग गेले काय? ओळ कुठे वळते, कुठला शब्द पुन्हा येतो, दुसरी बाई सूर कुठे उचलते, दम कुठे घेतला जातो, हे कागद सांगत नाही. आणि ज्या जात्याच्या घरघरीवर ओवीची लय उभी असते, ती घरघर तर मुळीच ऐकू येत नाही.

९/९
आज हे यंत्र आपल्या खिशात आहे. आर्वी, देवळी, हिंगणघाट, सेलू, कुठल्याही गावात आजीला ओवी आठवत असेल, तर आधी तिची परवानगी घ्या. पंखा बंद करा. फोन जात्यापासून दूर, घडी केलेल्या गोधडीवर ठेवा, म्हणजे दगडाची थरथर त्यात शिरणार नाही. आरंभी तिचे नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. दोन प्रती दोन ठिकाणी जपा. १९३४ मध्ये मगनवाडीतून जात्याच्या पिठासाठी प्रयत्न झाले. त्याच जात्याचा आवाज जपणे आता आपल्याला परवडते.